घरगुती यंत्रासाठी टिग टॉर्चची निवड

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएट संघाशी झालेल्या कराराचे ते दृश्य फळ होते. भाताच्या शेतीवर जगणारा छत्तीसगडचा हा मुलूख तेव्हापासून पोलादाचा मुलूख म्हणून ओळखला जाऊ लागला. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत, म्हणजे १८५४ पूर्वी, येथे येऊन स्थिरावलेली मराठी घराणी होतीच. कारखान्याच्या निमित्ताने आलेल्या कामगारांची व तंत्रज्ञांची त्यांत भर पडली.

धातूच्या सहवासात तीस-पस्तीस वर्षे काढलेला माणूस निवृत्त झाला, तरी त्याचे हात निवृत्त होत नाहीत. दुर्ग-भिलाईच्या जोडवस्तीतील बोरसीमध्ये राहणाऱ्या अशाच एका गृहस्थाची कल्पना करावी. अंगणात पत्र्याचे छप्पर घालून त्याने छोटीशी कर्मशाळा मांडली आहे. भिंतीशी एक इन्व्हर्टर जातीचे वेल्डिंग यंत्र आहे. आजवर त्याने रॉड जाळून खिडक्यांच्या जाळ्या आणि पाण्याच्या टाकीचे स्टँड जोडले. आता शेजारी त्याच्याकडे स्टीलची गळकी पातेली व जिन्याचे कठडे घेऊन येऊ लागले आहेत, आणि पातळ स्टीलच्या पत्र्याला रॉडने भोकेच अधिक पडतात. बाजारात ज्याला ‘आर्गन वेल्डिंग’ म्हणतात ते शिकावे, असे त्याने ठरविले आहे. यंत्राच्या पाटीवर ‘लिफ्ट टिग’ आणि ‘२०० अँपिअर’ अशी अक्षरे आहेत. टॉर्च तेवढी विकत घ्यावयाची आहे.

दुकानात मात्र त्याच्यापुढे क्रमांक ९, १७, १८, २० आणि २६ अशा अनेक टॉर्च मांडल्या जातात. कोणाला चाप आहे, कोणाला गॅसची चावी. कोणाच्या शेपटाला एक नळी, कोणाच्या शेपटाला तीन. यंत्र २०० अँपिअरचे, तेव्हा टॉर्चही २०० अँपिअरचीच हवी, असा सल्ला त्याला मिळतो. हा सल्ला वरवर बिनतोड दिसतो. पण बहुतेक चुकीच्या खरेदीचे मूळ त्यातच असते. टॉर्चची निवड यंत्रावरील मोठ्या आकड्यावरून करावयाची नसते. जोडावयाच्या धातूची जाडी किती, प्रज्योत सलग किती वेळ पेटती राहणार आणि यंत्राला कोणत्या सोयी आहेत, या तीन गोष्टींवरून ती करावयाची असते. असे का, हे समजण्यासाठी प्रथम या पद्धतीचे स्वरूप पाहिले पाहिजे.

आळशी वायूचे पांघरूण

विद्युत प्रज्योतीच्या उष्णतेने धातू वितळवून जोडण्याची कला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जन्मास आली. रशियातील निकोलाय बेनार्दोस यांनी १८८० नंतरच्या दशकात कार्बनच्या काडीतून प्रज्योत पेटवून जोडकाम केले. त्यांचेच देशबांधव निकोलाय स्लाव्यानोव्ह यांनी कार्बनच्या जागी धातूचीच कांडी वापरली. आज रस्तोरस्ती दिसणारे रॉडचे वेल्डिंग याच वंशातील होय. यात कांडीवरील लेप जळतो, त्याचा धूर व मळी वितळलेल्या धातूवर पसरते आणि हवेपासून त्याचे रक्षण करते.

हे रक्षण अत्यावश्यक असते. तापलेल्या धातूला हवेतील ऑक्सिजन व नायट्रोजन लागले की जोड ठिसूळ व सच्छिद्र होतो. मॅग्नेशियमसारख्या धातूच्या बाबतीत तर लेपाचे रक्षण पुरतच नाही. विमानबांधणीत मॅग्नेशियम जोडण्याची गरज निर्माण झाली तेव्हा अमेरिकेतील नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनची न वितळणारी काडी आणि हेलियम वायूचे आवरण यांचा मेळ घातला. १९४२ साली त्यांना या पद्धतीचे अमेरिकी पेटंट मिळाले. पुढे हेलियमची जागा बहुतांशी आर्गॉनने घेतली. टंगस्टन, अक्रिय या अर्थाचा ‘इनर्ट’ हा शब्द आणि गॅस यांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीला टिग असे नाव पडले.

आर्गॉन या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच ‘आळशी’ असा आहे. तो कोणाशी संयोग पावत नाही, आणि हा आळसच येथे गुण ठरतो. हवेत त्याचे प्रमाण आकारमानाने केवळ ०.९३ टक्के असते. हवा अतिथंड करून द्रवरूपात आणली आणि तिचे घटक वेगळे केले की ऑक्सिजनबरोबर आर्गॉनही मिळतो. तो हवेच्या सुमारे १.३८ पट जड असल्यामुळे जोडावर पांघरुणासारखा पसरून राहतो.

टिगच्या कामात वेल्डरच्या एका हातात टॉर्च असते व दुसऱ्या हातात भरावाची तार. सोनार फुंकणीने ज्योत वळवितो व दुसऱ्या हाताने डाख लावतो, तशीच ही रीत आहे. उष्णता किती द्यावी आणि धातू किती घालावा या दोन गोष्टी येथे एकमेकींपासून सुट्या होतात. म्हणूनच एक मिलिमीटर जाडीच्या स्टीलचा जोडही स्वच्छ येऊ शकतो. परंतु याच कारणाने टॉर्च हे केवळ वीज वाहून नेणारे साधन राहत नाही. ते लेखणीसारखे बोटांत वागले पाहिजे.

टॉर्चचे अवयव

टॉर्च उघडून पाहिली तर तिची रचना साधी आहे. मधोमध टंगस्टनची टोकदार काडी असते. तिला चिमटीत धरणारी तांब्याची चिरलेली नळी म्हणजे कोलेट, आणि हे कोलेट ज्यात बसते तो त्याचा धारक. मागील बाजूस काडी झाकणारी व कोलेट आवळणारी टोपी असते. पुढे चिनीमातीसारखे दिसणारे, उष्णता सोसणारे नोझल असते; त्यातून आर्गॉन काडीभोवती वर्तुळाकार बाहेर पडतो. डोक्यापासून मूठ, आणि मुठीपासून यंत्रापर्यंत वीज व वायू नेणारी लांब शेपटी.

हवेने थंड होणाऱ्या अनेक टॉर्चमध्ये तांब्याची तार वायूच्या नळीच्या आतूनच जाते. जाता जाता आर्गॉन त्या तारेची उष्णता घेऊन जातो. म्हणजे वायू एकाच वेळी दोन कामे करतो: जोडाचे रक्षण आणि तारेचे शीतन. नळी कोठे मुडपली, सिलिंडर संपत आला किंवा चावी अर्धवट उघडली, तर जोड तर बिघडतोच, पण टॉर्चही नेहमीपेक्षा अधिक तापते. मूठ अकारण गरम लागू लागली तर प्रथम वायूचा मार्ग तपासावा, असे अनुभवी वेल्डर सांगतात, ते याच कारणाने.

क्रमांकांचा अर्थ आता लक्षात घेता येईल. ९, १७ व २६ या हवेने थंड होणाऱ्या टॉर्च आहेत. १८ व २० या पाण्याने. सुटे भाग विकत घेताना आणखी एक नाते उपयोगी पडते. क्रमांक ९ व २० यांचे कोलेट, नोझल इत्यादी भाग एकमेकांना चालतात. तसेच १७, १८ व २६ यांचे भाग एकमेकांना चालतात. पहिल्या जोडीचे डोके लहान, दुसऱ्या तिघींचे मोठे. लहान गावात किंवा वस्तीत राहणाऱ्या कारागिराने जवळच्या दुकानात कोणत्या कुटुंबाचे भाग सहज मिळतात हे आधी विचारून घ्यावे, कारण नोझल फुटणे व कोलेट झिजणे हे नित्याचेच असते.

प्रथम यंत्राला प्रश्न विचारावेत

टॉर्च निवडण्यापूर्वी यंत्राची चौकशी करणे आवश्यक आहे. पहिला प्रश्न असा की, यंत्र कोणता प्रवाह देते? बहुतेक लहान इन्व्हर्टर यंत्रे केवळ एकदिश प्रवाह देतात. त्यावर साधे पोलाद, अगंज पोलाद म्हणजे आपले नेहमीचे ‘स्टील’, आणि तांबे हे धातू जोडता येतात. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी आहे. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा सुमारे २,०७० अंशांपर्यंत टिकून राहतो. तो फोडण्यासाठी सामान्यतः प्रत्यावर्ती प्रवाह लागतो. यंत्र तो देत नसेल तर कितीही महाग टॉर्च घेतली तरी ॲल्युमिनियमचे पातेले जोडले जाणार नाही.

दुसरा प्रश्न वायूचा. काही यंत्रांच्या पोटात वायू आपोआप सोडणारी व बंद करणारी विजेची झडप असते. समोरच्या बाजूस वायूचे तोंड व टॉर्चच्या चापासाठी लहान खाच दिसते. अशा यंत्राला चापाची टॉर्च लावावी. चाप दाबताच आधी वायू येतो, मग प्रज्योत पेटते. चाप सोडल्यावर प्रज्योत विझते, पण वायू काही काळ वाहत राहतो. ज्या यंत्राला अशी झडप नसते, त्याला वायूची चावी मुठीजवळच असलेली टॉर्च घ्यावी लागते. तिच्यात सिलिंडरची नळी यंत्राला न शिवता थेट टॉर्चला जोडतात. रॉडच्या कामासाठी घेतलेल्या आणि ‘लिफ्ट टिग’ अशी जोड दिलेल्या यंत्रांपैकी पुष्कळशी या दुसऱ्या प्रकारची असतात. बोरसीच्या गृहस्थाने चापाची सुबक टॉर्च घेतली असती, तर घरी आल्यावर त्याच्या लक्षात आले असते की, चापाची तार लावण्यास यंत्रावर जागाच नाही.

तिसरा प्रश्न प्रज्योत पेटण्याचा. उच्च कंप्रतेच्या ठिणगीने ती पेटत असेल तर काडी कामाला टेकवावी लागत नाही. लिफ्ट पद्धतीत काडी हलकेच टेकवून उचलावयाची असते. टेकलेली असताना यंत्र अगदी अल्प प्रवाह सोडते, त्यामुळे टोक चिकटत नाही. या दोन्ही सोयी नसतील तर काडेपेटीच्या काडीप्रमाणे टोक घासावे लागते; त्यात टंगस्टनचे कण जोडात उतरण्याचा धोका असतो.

चौथी बाब अगदी क्षुल्लक वाटते, पण तीच अनेकांना दुकानात दुसरी फेरी मारावयास लावते. यंत्राच्या तोंडात फिरवून बसणाऱ्या पितळी प्लगचे दोन आकार प्रचारात आहेत: एकाची खुंटी सुमारे ९ मिलिमीटर व्यासाची, दुसऱ्याची सुमारे १३ मिलिमीटर. खरेदीस जाताना यंत्राबरोबर मिळालेल्या रॉड-होल्डरचा प्लग खिशात घेऊन जावा. आणि जोडताना टॉर्च नेहमी ऋण टोकाला व कामाची पकड धन टोकाला लावावी. रॉडच्या सवयीने उलट जोडणी केली तर उष्णतेचा मोठा वाटा कामाऐवजी टंगस्टनवर येतो आणि टोकाचा क्षणात गोळा होतो.

अँपिअरचा आकडा आणि वेळ

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हवेने थंड होणाऱ्या टॉर्चचे सर्वसाधारण आकडे असे आहेत: क्रमांक ९ साठी १२५ अँपिअर, क्रमांक १७ साठी १५० आणि क्रमांक २६ साठी २००. हे आकडे एकदिश प्रवाहाचे असून ते बहुधा ६० टक्के कार्यचक्राचे असतात. याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे प्रज्योत पेटती ठेवावयाची व चार मिनिटे टॉर्चला विसावा द्यावयाचा. उत्पादकागणिक या आकड्यांत थोडाफार फरक पडतो, म्हणून टॉर्चसोबतचा कागद अवश्य वाचावा.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. या एका नियमावरून बराच उलगडा होतो. १५० अँपिअरची टॉर्च १०० अँपिअरवर चालविली तर तारेतील उष्णता दोन-तृतीयांश होत नाही; ती दोन-तृतीयांशाच्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे ४४ टक्केच होते. याच हिशेबाने विसावा न देता सलग चालविण्याजोगा प्रवाह काढता येतो. ६० टक्क्यांचा आकडा सुमारे ०.७७ ने गुणावा. क्रमांक ९ साठी तो सुमारे ९७ अँपिअर येतो, १७ साठी ११६ आणि २६ साठी १५५. टॉर्चच्या डोक्यावर प्रज्योतीची उष्णताही येत असल्यामुळे हा हिशेब ढोबळच मानावा. पण निवडीसाठी तो पुरेसा आहे.

दुसऱ्या बाजूने कामाची गरज पाहावी. पोलादाच्या दर मिलिमीटर जाडीस सुमारे ४० अँपिअर असा एक प्रचलित अंदाज आहे. एक मिलिमीटरच्या पत्र्याला ४०, दोन मिलिमीटरच्या नळीला ८० आणि तीन मिलिमीटरच्या पट्टीला १२० अँपिअर. स्टीलचे कठडे, पातेली, चौकोनी नळ्यांच्या चौकटी हे घरगुती काम बहुधा एक ते अडीच मिलिमीटरच्या दरम्यानचे असते. म्हणजे प्रवाह ४० ते १०० अँपिअरच्या आत राहतो. २०० अँपिअरचा आकडा यंत्राच्या पाटीवरच राहतो. हातापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

मग मोठी टॉर्च घेतली तर बिघडले काय? बिघडते ते हाताचे. क्रमांक २६ ची मूठ जाड, डोके मोठे व शेपटी जड असते. चार मीटर लांबीची ती शेपटी मनगटाला सतत खाली ओढते. पातळ पत्र्यावर टंगस्टनचे टोक कामापासून दोन-तीन मिलिमीटरवर स्थिर ठेवावयाचे असते. थकलेला हात थरथरला की टोक वितळलेल्या धातूत बुडते, काडी घाण होते आणि काम थांबवून ती पुन्हा घासावी लागते. याउलट क्रमांक ९ ही लेखणीसारखी हलकी आहे. पण तिला सलग १०० अँपिअरवर राबविली तर मूठ हातात धरवत नाही.

येथे स्थानिक हवामानाचाही विचार करावा लागतो. वेल्डिंग यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात कार्यचक्र ठरविताना भोवतालच्या हवेचे तापमान ४० अंश सेल्सिअस धरलेले आहे. दुर्ग जिल्ह्यात मे महिन्याच्या दुपारी पारा त्याच्या वर जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली तर आणखीच. अशा वेळी कागदावरील साठ टक्के प्रत्यक्षात साठ राहत नाहीत. म्हणून कामाला लागणाऱ्या कमाल प्रवाहापेक्षा टॉर्चची सलग क्षमता थोडी अधिक असावी आणि उन्हाळ्यातील मोठी कामे सकाळी उरकावीत.

या सर्वांचा मेळ घातला तर सामान्य घरगुती कामासाठी क्रमांक १७ ही मध्यममार्गी टॉर्च ठरते. ज्याचे सर्व काम दीड मिलिमीटरच्या आतले आहे त्याने ९ घ्यावी. ज्याला तीन-चार मिलिमीटरच्या पट्ट्यांवर लांब जोड घ्यावयाचे आहेत, त्यालाच २६ चे वजन सोसणे परवडते. अडचणीच्या कोपऱ्यांसाठी वाकविता येणाऱ्या मानेची टॉर्चही मिळते. मात्र ती वारंवार व तीव्र कोनात वाकविल्यास मान लवकर निकामी होते.

पाण्याने थंड होणाऱ्या टॉर्चचा मोह येथेच आवरावा. क्रमांक २० सारखी टॉर्च आकाराने लहान असूनही २५० अँपिअर सोसते, हे खरे. परंतु तिला पंप, टाकी आणि दोन जादा नळ्या लागतात. पाण्याचा प्रवाह मधेच थांबला तर मोठ्या प्रवाहावर ती थोड्याच वेळात जळून जाते. जेथे दिवसभर जाड ॲल्युमिनियमचे काम चालते, तेथे हा पसारा शोभतो.

काडी, नोझल आणि वायू

टॉर्चबरोबर टंगस्टनची काडी घ्यावयाची असते. टंगस्टनचा वितळबिंदू ३,४२२ अंश सेल्सिअस आहे. म्हणूनच प्रज्योतीच्या तोंडी तो टिकतो. ४० ते १०० अँपिअरच्या कामास १.६ मिलिमीटर व्यासाची काडी योग्य. त्याहून जाड कामासाठी २.४ मिलिमीटरची एखादी जवळ ठेवावी. प्रत्येक व्यासाला त्याच मापाचे कोलेट लागते, हे विसरू नये. काडीच्या शेवटास असलेला रंग तिच्यातील मिश्रण सांगतो. लाल रंगाची काडी थोरियमयुक्त असते. थोरियम किरणोत्सर्गी असल्याने तिची पूड श्वासावाटे शरीरात जाणे अपायकारक आहे, आणि टोक करण्यासाठी काडी घासावी तर लागतेच. घरच्या अंगणात, जेथे मुलेबाळे वावरतात, तेथे सोनेरी किंवा निळ्या रंगाची लँथॅनमयुक्त काडी वापरणे शहाणपणाचे. घासताना ओरखडे काडीच्या लांबीच्या दिशेने यावेत. आडवे ओरखडे पडल्यास प्रज्योत भरकटते.

नोझलवरील आकडा त्याच्या तोंडाचा आतील व्यास इंचाच्या सोळाव्या भागांत सांगतो. क्रमांक ५ म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर, क्रमांक ६ म्हणजे साडेनऊ, क्रमांक ८ म्हणजे पावणेतेरा. स्टीलच्या कामाला मोठे तोंड बरे, कारण जोडाच्या आजूबाजूचा तप्त भागही आर्गॉनखाली राहतो. कोलेटच्या साध्या धारकाऐवजी बारीक जाळ्या असलेला धारक बसविला तर वायू सरळ, शांत धारेने बाहेर पडतो आणि काडी थोडी अधिक बाहेर काढून कोपऱ्यात काम करता येते.

वायू शुद्ध आर्गॉनच असावा. कार्बन डाय-ऑक्साइड किंवा त्याचे मिश्रण टिगला चालत नाही. टंगस्टन तत्काळ जळू लागते. वायूचा वेग मिनिटाला ६ ते १० लिटर एवढा पुरतो. अधिक वायू म्हणजे अधिक रक्षण, हा समज खोटा आहे. वेग फाजील वाढला की धारेत भोवरे निर्माण होतात आणि ते बाहेरची हवा आत ओढून घेतात. पंखा चालू असला किंवा वारा वाहत असला तरी तोच परिणाम होतो; तेव्हा आडोसा करावा.

खर्चाचा हिशेबही याच ठिकाणी करावा. सात घनमीटरचा सिलिंडर म्हणजे सात हजार लिटर वायू. मिनिटाला ८ लिटर या वेगाने तो ८७५ मिनिटे, म्हणजे सुमारे साडेचौदा तास पुरतो. १० लिटर पाण्याच्या मापाचा लहान सिलिंडर १५० बार दाबाने भरला असेल तर त्यात सुमारे दीड हजार लिटर वायू मावतो. तो तीन तासांत संपतो. चावीच्या टॉर्चमध्ये चावी उघडी राहील तेवढा वेळ वायू वाहतच राहतो, हे ध्यानात ठेवून तुकडे आधी नीट जुळवून मगच चावी उघडावी. प्रज्योत विझल्यावर मात्र घाई करू नये. दर दहा अँपिअरला सुमारे एक सेकंद या मानाने टॉर्च जोडावरच धरून वायू चालू ठेवावा. ८० अँपिअरच्या कामानंतर आठ सेकंद. या आठ सेकंदांत टंगस्टन व जोड दोन्ही हवेपासून वाचतात. चमकदार राहिलेले टोक आणि निळेकाळे पडलेले टोक यांत फरक असतो तो एवढ्या धीराचाच.

घरातील विजेच्या दृष्टीने टिग सौम्य आहे. १०० अँपिअरवर रॉडच्या प्रज्योतीचा दाब संकेताप्रमाणे २४ व्होल्ट धरतात, टिगचा १४ व्होल्ट. म्हणजे प्रज्योतीत खर्च होणारी शक्ती अनुक्रमे २.४ व १.४ किलोवॅट. ज्या जोडणीवर रॉडचे काम करताना घरातील दिवे मंद होतात, तेथे टिगचे काम पुष्कळदा सुरळीत होते.

जिवाची काळजी

टिगमध्ये ठिणग्या उडत नाहीत, धूर फारसा दिसत नाही. म्हणून ते निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात प्रज्योतीवर धुराचा पडदा नसल्यामुळे तिचे जंबुपार किरण अधिकच तीव्रपणे पोहोचतात. उघड्या डोळ्यांनी पाहिल्यास रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि उघडी कातडी उन्हाने करपावी तशी करपते. १० क्रमांकाच्या काचेचा मुखवटा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि पातळ चामड्याचे हातमोजे यांना पर्याय नाही.

आर्गॉन विषारी नाही, पण तो श्वासाची हवा बाजूस सारतो. त्याला वास नाही, रंग नाही. रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून किंवा बंद खोलीत काम करताना तो खाली साचत जातो आणि माणूस गुदमरण्यापूर्वी त्याला इशाराही मिळत नाही. टाकीच्या आत काम करावयाचेच असेल तर खेळत्या हवेची सोय करावी आणि बाहेर एक माणूस उभा ठेवावा. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधावा. जोडण्या साबणाच्या पाण्याने तपासाव्यात. जस्ताचा मुलामा असलेली नळी मुलामा घासून काढल्याशिवाय जोडू नये. क्लोरीनयुक्त द्रावकाने तेल पुसलेल्या भागाजवळ प्रज्योत पेटवू नये. तिच्या किरणांनी त्या वाफांपासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू निर्माण होतो. हृदयात गतिकारक बसविलेल्या व्यक्तीने उच्च कंप्रतेच्या यंत्राजवळ जाऊ नये.

निवडीचा क्रम

बोरसीचा गृहस्थ दुकानात परत जाईल तेव्हा त्याच्या खिशात रॉड-होल्डरचा प्लग असेल आणि कागदावर पाच ओळी असतील. यंत्र एकदिश प्रवाहाचे. म्हणून ॲल्युमिनियमचे काम घ्यावयाचे नाही. यंत्राला वायूची झडप नाही; म्हणून चावीची टॉर्च. काम अडीच मिलिमीटरपर्यंतचे, प्रवाह १०० अँपिअरच्या आत. म्हणून हवेने थंड होणारी क्रमांक १७, चार मीटर शेपटीची. काडी लँथॅनमची, १.६ मिलिमीटरची, त्याच मापाच्या दोन कोलेटसह. नोझल ६ व ८ क्रमांकांची, प्रत्येकी दोन, कारण पहिले लवकरच फुटणार आहे.

दुकानदाराने दाखविलेली २०० अँपिअरची टॉर्च तो परत करील, आणि वाचलेल्या पैशांत चांगली काच व हातमोजे घेईल. पहिल्या दिवशी शेजाऱ्याचे पातेले हाती घेण्याऐवजी त्याने टाकाऊ पत्र्याच्या पट्ट्यांवर, तार न घालता, केवळ धातूचे तळे सरळ रेषेत पुढे नेण्याचा सराव करावा. तळे शांत दिसू लागले, रेषा सारख्या रुंदीची आली आणि अर्ध्या तासानंतरही मूठ हातात सुखाने धरवली, म्हणजे टॉर्चची निवड योग्य झाली असे समजावे.